फक्त दाणे खाणाऱ्या बजरीगरला ताज्या भाज्यांची सवय कशी लावावी

आपल्याकडे दुकानांत सर्रास ‘लव्हबर्ड’ या नावाने विकला जाणारा लहान रंगीत पोपट बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजेच बजी असतो आणि तो घरी येण्यापूर्वी जवळजवळ केवळ राळ्याच्या दाण्यांवर वाढलेला असतो. अशा पक्ष्याच्या पिंजऱ्यात कोथिंबिरीची काडी किंवा गाजराचा तुकडा ठेवला की तो दांडीच्या दुसऱ्या टोकाला सरकतो, अंग आक्रसून ताठ बसतो आणि भाजी काढून घेईपर्यंत कधीकधी दाण्यांकडेही फिरकत नाही. दोन-तीन वेळा हे घडल्यावर घरातील माणसे ‘आमच्याकडच्या पक्ष्याला भाजी आवडत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. आवडनिवड ठरण्यासाठी पदार्थ आधी चाखावा लागतो आणि या पक्ष्याला समोरची हिरवी वस्तू खाण्याची आहे हेच मुळी ठाऊक नसते. ती ओळख करून देणे हे आपले काम आहे. ते उपाशी ठेवून होत नाही, आणि इतक्या लहान जिवाच्या बाबतीत तसा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तेथे तो थव्याने फिरून जमिनीलगतच्या गवताचे बी खातो. 1840 मध्ये जॉन गूल्ड यांनी जिवंत बजरीगर इंग्लंडमध्ये नेले आणि त्यानंतर पिंजऱ्यातील पैदाशीमुळे हा पक्षी जगभर पसरला. पिंजऱ्यातील आईबाप पिल्लांना आपल्या गळ्यातील अन्नपिशवीतून जे भरवतात आणि पुढे पिल्लांच्या समोर जे टिपतात, तेच पिल्लांच्या लेखी अन्न ठरते. ज्या जोडीने कधी पालाच पाहिलेला नाही, तिची पिल्लेही पाला ओळखत नाहीत. शिवाय अनोळखी वस्तूपासून दूर राहणे हा थव्यातील लहान पक्ष्याचा जीव वाचवणारा स्वभाव आहे, तो हट्ट नव्हे. चवीपेक्षा रंग, आकार आणि चोचीला लागणारा स्पर्श यांवर हा पक्षी अधिक भिस्त ठेवतो, कारण पोपटांच्या तोंडातील रुचिकलिका काही शेकड्यांत मोजता येतात, तर माणसाच्या हजारोंनी असतात. म्हणूनच भाजी कोणती द्यावी यापेक्षा ती कशी दिसेल आणि चोचीत कशी लागेल, याचा विचार आधी करावा लागतो.

हा सारा खटाटोप का करायचा, हेही स्पष्ट असावे. सुक्या दाण्यांत जीवनसत्त्व ‘अ’ जवळजवळ नसते, कॅल्शियम अपुरे असते आणि मिश्रणात सूर्यफूल किंवा करडई जास्त असेल तर चरबी मात्र गरजेपेक्षा बरीच जास्त जाते. जीवनसत्त्व ‘अ’ दीर्घकाळ कमी पडले की तोंडाच्या आणि श्वासमार्गाच्या आतील अस्तर जाड व कोरडे होते, त्यामुळे जंतुसंसर्ग सहज शिरतो. पिसे निस्तेज होतात आणि पक्षी वरचेवर शिंकू लागतो. केवळ दाण्यांवर जगणाऱ्या बजींमध्ये लठ्ठपणा आणि यकृतात चरबी साठणे हे विकारही नेहमीचे आहेत. पाण्यात जीवनसत्त्वांचे थेंब टाकणे हा यावरचा चांगला उपाय नाही. पाण्यात ही द्रव्ये लवकर निकामी होतात, पाण्याची चव बदलल्याने पक्षी पाणीच कमी पितो, आणि तयार स्वरूपातील जीवनसत्त्व ‘अ’ प्रमाणाबाहेर गेल्यास अपायही होतो. गाजर किंवा लाल भोपळ्यातील कॅरोटिन या रंगद्रव्यापासून मात्र शरीर आपल्या गरजेपुरतेच जीवनसत्त्व तयार करते.

पुढील सूचना बजरीगर डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. कॉकाटील या बजीहून मोठ्या, तुरेवाल्या पोपटालाही त्या थोड्या फरकाने लागू पडतात आणि तो फरक जेथे महत्त्वाचा आहे तेथे सांगितला आहे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार बेकायदेशीर असल्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा ही या कामातील सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. साधारण बजीचे वजन 30 ते 40 ग्रॅम आणि कॉकाटीलचे 80 ते 100 ग्रॅम असते. 35 ग्रॅमच्या पक्ष्याचे साडेतीन ग्रॅम घटले म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला, आणि पिसांच्या आवरणामुळे ही घट डोळ्यांना मुळीच दिसत नाही. काट्यावर एक लहान दांडी किंवा उथळ डबी ठेवून, काटा शून्यावर आणून, त्यावर राळ्याचे चार दाणे टाकले की बहुतेक पक्षी काही दिवसांत स्वतःहून चढतात. वजन रोज सकाळी, खाण्यापूर्वी, ठरलेल्या वेळी घ्यावे आणि वहीत नोंदवावे. भाजी सुरू करण्याआधीचा एक आठवडा केवळ या नोंदींसाठी ठेवावा, म्हणजे आपल्या पक्ष्याचे नेहमीचे वजन किती आणि त्यात रोज किती चढउतार होतो हे कळते.

त्याच आठवड्यात पक्षी रोज किती दाणे खातो हेही पाहावे. एका बजीला दिवसाला साधारण दीड ते दोन लहान चमचे दाणे पुरतात. हे मोजताना एक गोष्ट कटाक्षाने लक्षात ठेवावी: बजी दाणा सोलून खातो आणि फोलपटे त्याच वाटीत पडतात. वरून वाटी भरलेली दिसते, प्रत्यक्षात तिच्यात एकही दाणा नसतो. रोज वाटीतील फोलपटे फुंकून काढावीत आणि खाली काय उरले ते बघावे. भाजीची सवय लावण्याच्या काळात ही डोळ्यांची फसगत दुप्पट महाग पडते, कारण भाजीही खाल्ली जात नाही आणि दाणेही नाहीत, अशी वेळ नकळत येते.

विष्ठेकडे बघण्याची सवयही याच काळात लावून घ्यावी. पिंजऱ्याच्या तळाशी छापील रंगीत कागदाऐवजी साधा पांढरा कागद घातला की तिचे तीन भाग वेगळे दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवतीचे थोडे पाणी. निरोगी अवस्थेतील हे रूप एकदा मनात पक्के बसले की पुढे होणारा बदल लगेच ओळखता येतो.

पक्षी नुकताच घरी आला असेल, आजारी असेल, पिसे गळण्याच्या भरात असेल किंवा जोडीने अंडी घातली असतील, तर हा उपक्रम पुढे ढकलावा. नव्या घरात रुळण्यासाठी पक्ष्याला काही आठवडे द्यावेत आणि तोपर्यंत तो आधी जे खात होता तेच द्यावे. कॉकाटील मोठ्या वयाचा असेल आणि वर्षानुवर्षे सूर्यफुलाच्या बियांवर जगलेला असेल, तर सुरुवातीपूर्वी पशुवैद्यांकडून त्याची तपासणी करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी केवळ सहवास

पहिल्या टप्प्यात पक्ष्याने भाजी खावी अशी अपेक्षाच ठेवू नये. भाजी पिंजऱ्याबाहेर, पण त्याला दिसेल अशा अंतरावर ठेवावी आणि तो निवांत राहिला की रोज थोडी जवळ आणावी. पक्षी ताठ होऊन मान लांब करू लागला किंवा पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला चिकटला, तर अंतर अधिक ठेवावे. भाजीसाठी नवे भडक भांडे आणू नये. अनोळखी भाजी आणि अनोळखी भांडे अशी दोन संकटे एकाच वेळी त्याच्यापुढे उभी करण्यात अर्थ नाही. रोजच्या ओळखीच्या वाटीसारखीच दुसरी वाटी घेऊन, तिच्यात आधी काही दिवस दाणेच द्यावेत आणि मग त्याच वाटीत भाजी ठेवावी.

याच काळात घरातील माणसांनी पिंजऱ्याजवळ बसून तीच भाजी खावी. बजी थव्याचा पक्षी आहे आणि थवा जे खातो ते सुरक्षित, हा त्याचा हिशेब असतो. काकडीचा किंवा गाजराचा तुकडा त्याच्यासमोर सावकाश, आवाज करत चावून खाल्ला, त्याला लगेच देऊ केला नाही, की त्याचे कुतूहल जागे होते. मुलांना हे काम मनापासून आवडते आणि ती ते चिकाटीने करतात. मात्र आपल्या तोंडातला तुकडा पक्ष्याला कधीही देऊ नये, कारण माणसाच्या तोंडातील काही जंतू त्याला सोसत नाहीत. भाजी खाणारा दुसरा बजी मिळाला तर काम फारच सोपे होते. शेजारच्या पिंजऱ्यातून त्याला खाताना पाहणेही पुरते. परंतु बाहेरून आणलेला नवा पक्षी किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून, तो निरोगी असल्याची खात्री झाल्याशिवाय जवळ आणू नये.

सकाळची वेळ

पक्ष्याला भूक सर्वांत जास्त लागते ती उजाडताना, कारण रात्रभर त्याने काही खाल्लेले नसते. या नैसर्गिक भुकेचा उपयोग करून घ्यावा. वेगळी भूक निर्माण करू नये. रात्री दिवे मालवल्यावर दाण्यांची वाटी काढून घ्यावी आणि सकाळी पक्षी हालचाल करू लागताच वजन घेऊन आधी भाजी द्यावी. तासाभराने, त्याने भाजीला चोच लावली असो वा नसो, दाण्यांची नेहमीची वाटी परत ठेवावी. सवय रुळल्यावर हा अवधी दोन तासांपर्यंत वाढवता येतो, त्याहून अधिक नाही. दाणे दिवसभर बंद ठेवले की ‘भूक लागली की आपोआप खाईल’ हा सल्ला अजूनही ऐकायला मिळतो, आणि तो साफ चुकीचा आहे. ज्या वस्तूला पक्षी अन्न मानतच नाही, ती समोर असूनही तो उपाशी राहतो, आणि बजीसारखा लहान पक्षी एका दिवसाच्या पूर्ण उपासाने गंभीर अवस्थेला पोहोचू शकतो.

संध्याकाळी झोपण्यापूर्वी पक्ष्याला पोटभर दाणे मिळतील याची काळजी घ्यावी. दिवसभर दाण्यांची वाटी काठोकाठ भरून ठेवण्यापेक्षा, मोजून काढलेले दाणे सकाळी उशिरा आणि संध्याकाळी असे दोन वेळा द्यावेत, म्हणजे मधल्या वेळेत त्याला इकडेतिकडे चोच मारून पाहण्याची इच्छा राहते.

ओली कोथिंबीर

पहिली भाजी कोणती, असे विचारले तर मी कोथिंबिरीचे नाव घेईन. ती बारमाही मिळते, तिची पाने बारीक व हलकी असतात, चोचीत सहज तुटतात, आणि कॅल्शियम बांधून ठेवणारे ऑक्झॅलिक आम्ल पालकात असते तेवढे तिच्यात नसते. चार-पाच काड्यांची लहान जुडी देठाकडे कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याने पकडून पिंजऱ्याच्या जाळीला, पक्षी जेथे सर्वाधिक वेळ बसतो त्या वरच्या दांडीच्या शेजारी लावावी. पाने दांडीच्या किंचित वर लोंबतील अशी उंची ठेवावी. धागा, रबर किंवा तार वापरू नये. धागा पायात अडकतो आणि रबर गिळले जाते.

जुडी धुतल्यानंतर झटकू नये, पाण्याचे थेंब पानांवर राहू द्यावेत. पुष्कळ बजी उघड्या भांड्यातील पाण्यात उतरायला घाबरतात, पण ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करणे त्यांना फार आवडते. जो पक्षी भाजी खाण्यासाठी पुढे येत नाही तो आंघोळीसाठी येतो, पानांत डोके खुपसतो, पिसांवरचे पाणी टिपताना एखादे पान चोचीत येते आणि ते कुरतडले जाते. पहिले काही दिवस पाने कुरतडून खाली टाकलेली दिसतील. याला नासाडी समजू नये. चोचीने फाडणे हा खाण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे, आणि ज्या दिवशी कुरतडणे दिसले त्या दिवसापासून तीच भाजी त्याच जागी रोज देत राहावे. या वेळी उत्साहाने चार नव्या भाज्या आणल्या तर जमत आलेली ओळख विस्कटते.

कोथिंबीर अजिबात चालत नसेल तर मेथीची किंवा मुळ्याची कोवळी पाने याच रीतीने लावून पाहावीत. काही पक्षी उंचावर लावलेल्या जुडीला घाबरतात, पण पिंजऱ्याबाहेर मोकळे सोडल्यावर ताटलीत पसरलेल्या ओल्या पाल्यावर उतरतात. निसर्गात हा पक्षी जमिनीवरच चरतो, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. अशा ताटलीत पाल्यावर थोडे राळे पसरावेत, म्हणजे दाणे टिपता टिपता ओली पाने चोचीला लागतात.

दाणा आणि भाजी यांच्यामधले पदार्थ

पाल्याला महिना-दीड महिना झाला तरी चोच लागत नसेल, तर थेट भाजीचा आग्रह सोडून अशा पदार्थांकडे वळावे जे दाण्यासारखे दिसतात आणि भाजीसारखे ओले असतात. त्यात सर्वांत वरचे स्थान मोडांना आहे. राळे किंवा बाजरी स्वच्छ धुऊन आठ तास पाण्यात भिजवावी, पाणी काढून टाकून चाळणीत ओल्या फडक्याखाली ठेवावी आणि दिवसातून तीन वेळा वाहत्या पाण्याखाली धुवावी. टोकाशी पांढरा कोंब डोकावला की ती देण्यास तयार झाली. लांब मोड येण्याची वाट पाहू नये. मूग आणि मटकी आपल्या घरांत मोड काढून ठेवलेली असतेच, ती थोडी चिरून द्यावी. मोडांना आंबट किंवा कुबट वास आला, हाताला चिकट लागले किंवा बुरशीचा तंतू दिसला, तर सगळे फेकून द्यावे. पावसाळ्यात बुरशी फार झपाट्याने धरते, म्हणून त्या दिवसांत एका वेळेपुरतेच भिजवावे.

ज्वारीला मोड आणून देऊ नयेत. ज्वारीच्या कोंबात आणि कोवळ्या पाल्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, त्यानेच कोवळी ज्वारी खाल्लेल्या गुरांना विषबाधा होते. दुधात आलेल्या कणसाचा दाणा, म्हणजे हुरडा, मात्र उत्तम. थंडीच्या दिवसांत फवारणी न केलेल्या शेतातील ज्वारीचे कोवळे कणीस, पाने व दांडा काढून, जाळीला लावले की केवळ सुके दाणे खाणारे पक्षीही त्यावर तुटून पडतात. पावसाळ्याच्या अखेरीस मिळणारे बाजरीचे हिरवे कणीसही तसेच. हुरड्याची भट्टी लावलेल्या ठिकाणचे भाजलेले किंवा चटणी-मीठ लागलेले दाणे देऊ नयेत.

ढोबळी मिरची कापल्यावर आपण जो बियांचा गाभा फेकून देतो, तो बजीसाठी मोलाचा आहे. चपट्या, फिकट बिया त्याला ओळखीच्या वाटतात. त्या टिपताना भोवतीचा लाल किंवा हिरवा गर चोचीला लागतो आणि हळूहळू गरही खाल्ला जाऊ लागतो. लाल ढोबळी मिरची जीवनसत्त्व ‘अ’च्या दृष्टीने हिरवीपेक्षा सरस आहे. तिखट मिरचीही उभी चिरून देता येते. माणसाला ज्या द्रव्यामुळे तिखट लागते ते पक्ष्यांच्या संवेदनाग्राहकांवर परिणाम करत नाही, म्हणून पोपट मिरची आनंदाने खातो. काकडी उभी चिरून बियांची बाजू वर ठेवून दिली तर तीही याच कामाची आहे, जरी तिच्यात पाण्यापलीकडे पोषण थोडेच असते. कोवळ्या मक्याचे कणीस बहुतेक कॉकाटील लगेच स्वीकारतात. मक्यावरच अडकून बसण्याचा धोका मात्र असतो, कारण तो पिठूळ आणि गोडसर असतो. म्हणून तो ओळख होईपर्यंतच वापरावा.

याच्या पुढची पायरी म्हणजे बारीक चिरलेल्या भाजीत दाणे मिसळणे. गाजर अगदी बारीक किसणीवर किसून घट्ट पिळावे, म्हणजे ते दाण्यांना चिकटून लगदा होत नाही. त्यात चिरलेली कोथिंबीर घालावी आणि दाण्यांचे प्रमाण सुरुवातीला इतके जास्त ठेवावे की मिश्रण दाण्यांचेच दिसावे. पक्षी दाणे निवडून खाईल आणि भाजी उडवून टाकेल, हे गृहीतच धरावे. दोन-चार दिवस निवांत खाताना दिसला की भाजीचे प्रमाण किंचित वाढवावे, वजन घटताना दिसले की लगेच आधीच्या प्रमाणावर यावे. हे मिश्रण सकाळच्या तासापुरतेच असावे. दिवसाचा मुख्य आहार म्हणून कोरडे दाणे वेगळे द्यावेत, कारण ओले दाणे उन्हाळ्यात काही तासांत आंबतात.

बजी आणि कॉकाटील यांच्यातला फरक येथे दिसून येतो. बजीला पाल्याचे ओले, पातळ रूप अधिक भावते, तर कॉकाटीलला बहुधा कोमट मऊ पदार्थ रुचतात. वाफवलेले रताळे, लाल भोपळा किंवा मटार बोटांनी कुस्करून, हाताला जेमतेम कोमट लागेल इतपत निवल्यावर, त्यावर थोडे दाणे भुरभुरून द्यावेत. तेल, मीठ, हळद, साखर यांपैकी काहीही त्यात नसावे.

काय द्यावे आणि काय देऊ नये

रोजच्या आहाराचा गाभा गडद हिरव्या आणि गडद केशरी भाज्यांचा असावा: कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, उकडलेले रताळे, लाल ढोबळी मिरची, ब्रोकोली. शेवग्याच्या पाल्याची शिफारस मी विशेष करीन. तो कॅल्शियम आणि कॅरोटिन दोन्हींनी समृद्ध आहे, पाने लहान असल्यामुळे चिरावी लागत नाहीत आणि डहाळी जशीच्या तशी लावता येते. पालक, माठ आणि बीटचा पाला यांत ऑक्झॅलिक आम्ल अधिक असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. आठवड्यातून एखाद्या वेळी चालतील, अंडी घालणाऱ्या मादीला टाळावेत. कोबी आणि फ्लॉवर अधूनमधून थोडे. दोडका, दुधी, फरसबी, मटार हे वैविध्यासाठी चांगले.

अॅव्होकॅडो कोणत्याही रूपात देऊ नये. त्यातील पर्सिन हे द्रव्य पक्ष्यांच्या हृदयावर आघात करते आणि बजीच्या बाबतीत थोडे प्रमाणही प्राणघातक ठरते. कांदा व लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी, खारवलेले पदार्थ, कच्चा बटाटा व त्याचे कोंब, टोमॅटोचा व वांग्याचा पाला, सफरचंदाच्या बिया यांपासून दूर राहावे. अळूचे कच्चे पान आपल्याच घशाला खाजवते, पक्ष्याच्या तोंडाचीही त्याने आग होते. राजमा, वाल आणि पावटा कच्चे किंवा केवळ मोड आणून देणे धोक्याचे आहे.

भाजी मंडईतली असो वा दारावरच्या भाजीवाल्याची, ती वाहत्या पाण्याखाली पान वेगळे करून धुवावी, थोडा वेळ मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि मीठ पूर्ण निघून जाईपर्यंत पुन्हा धुवावी. पावसाळ्यात पालेभाजीच्या मुळाशी चिखल आणि अळ्या असतात, तेव्हा मुळाकडचा भाग टाकून केवळ वरची कोवळी पाने घ्यावीत. ज्यांच्याकडे खिडकीची कुंडी आहे त्यांनी मेथीदाणे आणि धणे पेरावेत. आठ-पंधरा दिवसांत हाती येणारी औषधमुक्त कोवळी रोपे मुळासकट धुऊन देता येतात. फ्रिजमधील भाजी खोलीच्या तापमानाला आल्यावरच द्यावी. चिरलेली भाजी दोन तासांनंतर काढून टाकावी, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर तासाभरानेच.

प्रगती आणि धोक्याच्या खुणा

भाजी पोटात जाऊ लागल्याची पहिली खूण विष्ठेत दिसते. तिच्यातील पाण्याचा भाग वाढतो, आणि अनेक जण याला जुलाब समजून भाजी बंद करतात. घट्ट भागाचा आकार शाबूत असेल, पक्षी खेळकर असेल आणि वजन स्थिर असेल, तर हा केवळ भाजीतील पाण्याचा परिणाम आहे. बीट खाल्ल्यावर विष्ठा लाल आणि गाजर खाल्ल्यावर केशरी होते, त्यानेही घाबरू नये. याउलट विष्ठा संख्येने कमी, आकाराने बारीक आणि गडद हिरवी किंवा काळपट झाली, तर पक्षी पुरेसे खात नाही असे समजून त्याच क्षणी दाणे परत द्यावेत. घट्ट भागच पातळ झाला, गुदद्वाराभोवतीची पिसे चिकटली, पक्षी पिसे फुगवून दिवसा झोपू लागला, किंवा श्वासागणिक शेपटी वरखाली होऊ लागली, तर हा आहाराचा प्रश्न राहिलेला नाही.

नेहमीच्या वजनात पाच टक्के घट दिसली की भाजीचा उपक्रम थांबवावा आणि वजन भरून येईपर्यंत दाणे मुक्तपणे द्यावेत. दहा टक्क्यांची घट म्हणजे त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जाणे. शक्य तेथे पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य आधीच शोधून ठेवावेत, कारण कुत्र्या-मांजरांचे सर्वच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला सारे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि इतरत्र शिरवळ किंवा नागपूरसारख्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची चिकित्सालये येथे चौकशी करता येते.

वेळेबद्दल मन मोकळे ठेवावे. कोवळ्या वयाचा बजी आठवड्याभरात पाला कुरतडू लागतो. पाच-सहा वर्षांच्या पक्ष्याला अनेक महिने लागू शकतात. एकच भाजी पुन्हा पुन्हा, न दमता, न रागावता समोर येत राहणे हेच येथे काम करते. पक्ष्याला हातात धरून चोचीत भाजी कोंबण्याचा प्रकार कधीही करू नये. त्याने भाजीची भीती तर बसतेच, शिवाय हाताचीही बसते.

एक भाजी नियमित खाल्ली जाऊ लागली की दुसरी तिच्याच जुडीत मिसळून द्यावी, म्हणजे कोथिंबिरीसोबत मेथीची दोन पाने, पुढे मेथीसोबत शेवगा. अशा रीतीने तीन-चार भाज्या बसल्यावर त्या आलटून पालटून द्याव्यात, अन्यथा पक्षी पुन्हा एकाच पदार्थावर अडून बसतो. तरीही दाणे पूर्ण बंद करू नयेत. बजी मुळात बी खाणारा पक्षी आहे. सूर्यफूल अगदी मोजके ठेवून राळे, वरी, बाजरी यांचे साधे मिश्रण, रोजची ताजी भाजी आणि चोच घासायला समुद्रफेस, एवढी व्यवस्था त्याला मानवते. पिसे गळण्याच्या दिवसांत किंवा आजारपणानंतर भाजी खाणे तात्पुरते बंद होऊ शकते. तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, सर्वांत आधी रुळलेली भाजी तेवढी रोज सकाळी लावत राहावी. गावाला जाताना पक्षी शेजाऱ्यांकडे ठेवायचा असेल, तर त्यांना मोजून बांधलेल्या दाण्यांच्या पुड्या, फोलपटे फुंकण्याची सूचना आणि तो सध्या खात असलेल्या भाज्यांची नावे लिहून द्यावीत, आणि त्या दिवसांत कोणतीही नवी भाजी देऊ नये असे स्पष्ट सांगावे.